खिडकी क्रमांक तीन

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना गाड्या दिल्या.
कोयना, महालक्ष्मी, हरिप्रिया.
लोअर बर्थ मागणारे म्हातारे,
तात्काळला दोन मिनिटं उशीर झालेला माणूस
काचेवर कपाळ टेकून उभा,
आणि मी म्हणायचे, पुढचे या.
आमचं स्टेशन शेवटचं.
रूळ इथं येऊन बफरला टेकतात,
त्यापुढं साळोख्यांची चहाची टपरी.

आता बासष्टाव्या वर्षी, राजारामपुरीत,
जेवणाच्या टेबलावर स्पेन पसरलाय.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, नकाशा गुंडाळू नये म्हणून.
मंदाकिनी, माझी नणंद, चष्मा कपाळावर चढवून वाचते:
माद्रिद ते कोर्दोबा, कोर्दोबा ते सेविया,
शेवटी ग्रानादा.
"ग्रानादा म्हणजे त्यांच्यात डाळिंब म्हणे."
मी वहीत लिहिते: डाळिंब, दोन रात्री.

गाड्यांचं मला भय नाही.
सुटायच्या आधी दोन मिनिटं फाटक बंद,
बॅगा यंत्रातून जाणार,
तिकीट जितकं लवकर तितकं स्वस्त.
आणि वेटिंग लिस्ट नाही.
हे मी दोनदा वाचलं.
वेटिंग लिस्ट नाही!
मग तिथल्या खिडकीतली बाई
दिवसभर लोकांना सांगते तरी काय?

अडलं ते नाचापाशी.
साडेआठचा खेळ, जेवणासकट.
साडेदहाचा, नुसतं पेय.
एक डोंगरातल्या गुहेत, बस नेणार, बस आणणार.
सगळ्यांच्या खाली एकच शब्द: अस्सल.
आमचे नाना मार्केट यार्डात
गुळाची ढेप फोडून, खडा जिभेवर ठेवून
मगच भाव विचारायचे.
नाच कुठून फोडायचा?

म्हणून गेलो गंगावेशीत, अनुसया खुपिरेकरांकडे.
एकोणीस वर्षं फडावर,
नंतर अकरा वर्षं हायवेच्या हॉटेलात,
शनिवार-रविवार, पापड मोडणाऱ्या पाहुण्यांसमोर.
मंदाकिनीनं मोबाइल पुढं धरला. आवाज येईना.
"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या, "पाय दिसत्यात."
बराच वेळ नुसत्या बघत बसल्या.
"तळवा न्हाई वापरत. टाचंनं बोलतीया."
मग स्क्रीनवर बोट ठेवून,
"हिचा डावा गुडघा दुखतोय बघा.
वळताना लपवतीया."

मंदाकिनीला राहवेना. हॉटेलातला नाच खरा होता का हो, तिनं विचारलं.
मी टेबलाखाली तिचा पाय दाबला, उशिरा.
बाई रागावल्या नाहीत.
"एकदा पावसाळ्यात एकच गिऱ्हाईक.
तुमकूरचा टायरवाला. पहिल्याच चालीला झोपला.
ढोलकीवाला म्हणाला, आटपूया.
म्या म्हटलं, वाजव.
त्या राती नाचले तशी जत्रंतबी न्हाई नाचले.
पायाला काय ठावं, म्होरं कोण बसलंय?"

मग तिकीट कुठलं काढायचं?
हा प्रश्न मी विचारला. सवयच ती.
"दुसऱ्या खेळाचं. पैल्या खेळाला अंग थंड असतंय.
जेवान आधी उरकून जावा,
ताटं वाजली की पाय चुकतो.
आणि बाजूला बसा, म्होरं नको,
टाच बाजूनं दिसती."
तीस वर्षांचा अनुभव, चार ओळीत.
एवढं नेमकं चौकशीच्या खिडकीवरही कुणी सांगत नाही.

रात्री मंदाकिनी झोपल्यावर मी पैसे भरले.
माद्रिद ते सेविया, दोन जागा, खिडकीजवळ,
सेवियात साडेदहाचा खेळ, बाजूची रांग.
प्रवाशाचं नाव, त्या चौकटीत
हजारो नावं टाकली होती, स्पेलिंग विचारून विचारून.
स्वतःचं टाकताना एक अक्षर चुकलं.
खोडलं. परत लिहिलं.

मग वही ओढली.
पासपोर्टच्या झेरॉक्स, गुडघ्याचा पट्टा, मेथीचे ठेपले,
आणि त्याखाली, अनुसयाबाईंनी दारापर्यंत येऊन
आवर्जून सांगितलेलं काम:
त्या बाईच्या बुटाच्या टाचेला
खिळे किती असतात,
मोजून येणे.